पणजोबांचं आयडीएसएम: 'सेवा पदक' की शौर्यपदक?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, थोडी लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात पाटण तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवलं. माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली आणि तिच्या तळाशी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं पणजोबांचं पदक निघालं. ते लामावर, म्हणजे लढाईवर गेले होते, 'बसऱ्याला' (इराकमधल्या बसरा शहरात) होते, एवढंच घरात बोललं जायचं. माझ्या वडिलांना ते पुसटसे आठवतात. रात्री उशाशी भरलेला तांब्या असल्याशिवाय ते आडवे व्हायचे नाहीत. तांब्या अर्धा जरी दिसला तरी उठून स्वतः विहिरीवर जायचे. लढाईबद्दल मात्र कधी एक शब्द नाही.

पदक चांदीचं आहे, काळं पडलंय. एका बाजूला राजा. दुसऱ्या बाजूला पानांच्या माळेत तीन ओळींत इंग्रजी शब्द, 'फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस'. फीत गडद निळी, मधोमध किरमिजी पट्टा. कडेवर बारीक अक्षरं कोरलेली आहेत, ती अजून नीट वाचली नाहीत.

आता खरा प्रश्न. पहिल्या महायुद्धाची शंभरी झाली तेव्हा एका ठिकाणी शौर्यपदक मिळवलेल्या सैनिकांच्या वारसांचा सत्कार होता. वडील हे पदक घेऊन गेले. टेबलावरच्या माणसाने ते तीन शब्द वाचले, 'हे सेवेचं आहे, शौर्याचं नाही' असं म्हणून पदक परत हातात दिलं. वडील घरी आले, पदक ट्रंकेत ठेवलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर लढाईला गेलेल्यांची नावं आहेत, तिथेही पणजोबांच्या नावापुढे 'सेवा पदक' असंच लिहिलंय.

त्या भिंतीला आता नवा रंग द्यायचाय. येत्या गुरुवारी रंगारी येतोय. चुलते म्हणतात 'शौर्यपदक' लिहा, आणि खाली 'एकट्याने तोफ जिंकली' असंही टाका. ही तोफेची गोष्ट मी आजवर घरात कुणाकडून ऐकलेली नाही. काय लिहिलं तर ते खरं होईल? जाणकारांनी कृपया सांगावं.

निळी शाई

वाचतेय. तांब्याचं वाचून थांबले क्षणभर.

चांदीची कड

ताई, वर्णनावरून शंका उरतच नाही. हे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, थोडक्यात आयडीएसएम. मी पंधराएक वर्षं जुनी लष्करी पदकं अभ्यासतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सातव्या एडवर्डच्या काळात, २५ जून १९०७ रोजी हे पदक सुरू झालं. ते फक्त हिंदी सैनिकांसाठी होतं, शिपायापासून सुभेदार-मेजरपर्यंत. गोऱ्याला ते मिळू शकत नव्हतं. १९१७ मध्ये रणभूमीवर काम करणारे बिगरलढाऊ लोकही त्यात आले आणि दुसऱ्यांदा तशीच कामगिरी केली तर त्याच फितीवर वरून पट्टी द्यायची सोय झाली. १९२९ मध्ये रॉयल इंडियन मरीन, १९४० मध्ये हवाई दल. १९४७ मध्ये बंद. चाळीस वर्षांचं आयुष्य, पण त्या चाळीस वर्षांत दोन महायुद्धं आणि वायव्य सरहद्दीच्या कितीतरी मोहिमा येतात.

आता तुम्ही एक करा. राजाच्या डोक्याभोवतीची अक्षरं वाचा. पाचव्या जॉर्जच्या नावाबरोबर 'कैसर-इ-हिंद' असेल तर पदक १९१० ते १९३० च्या दरम्यानचं. त्यानंतरच्या पदकांवर ते शब्द जाऊन लॅटिनमध्ये हिंदुस्थानचा सम्राट अशा अर्थाचं 'इंडिये इम्प' आलं. आणि कड बघा. नावासहित कोरलेली कड म्हणजे त्या पदकाची जन्मपत्रिका. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, सगळं तिथेच असतं. दिवसाच्या उजेडात, पदक तिरपं धरून, हळूहळू फिरवत वाचा.

एक कळकळीची विनंती. घासू नका. रांगोळी नको, चिंच नको, सोनाराकडची पावडर तर मुळीच नको. ती काळी छटा शंभर वर्षांची आहे, आणि घासताना सगळ्यात आधी झिजतात ती कडेवरची अक्षरं. फीत विटलेली असली तरी तीच राहू द्या.

जुना फौजी

मी सव्वीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून बाहेर पडलो. त्या टेबलावरच्या माणसाची चूक कुठे झाली ते मला कळतंय, कारण आजही फौजेत बाहेरून येणाऱ्याची हीच गल्लत होते.

आपल्याकडे १९६० मध्ये विशिष्ट सेवा पदक सुरू झालं, तेव्हा त्याचे तीन वर्ग होते. १९६७ मध्ये त्यांना परम विशिष्ट सेवा, अति विशिष्ट सेवा आणि विशिष्ट सेवा ही नावं मिळाली. ती शांततेच्या काळातल्या उत्तम कामासाठी, बहुतेक वरच्या अधिकाऱ्यांना मिळतात. युद्धकाळातल्या तशा कामासाठी १९८० मध्ये युद्ध सेवा पदकांची वेगळी मालिका आली. त्यामुळे आजच्या माणसाने 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस' वाचलं की त्याच्या डोळ्यांपुढे लेफ्टनंट जनरल साहेबांची छाती येते. गोळ्यांच्या पावसात असलेला शिपाई येत नाही.

पण १९०७ च्या इंग्रजी फौजेत त्या शब्दांचा वास वेगळा होता. त्यांच्या अधिकाऱ्यांची डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर १८८६ पासूनची, आणि ती रणांगणावरच्या कामगिरीने कमवायची चीज. त्यांच्या आरमारातल्या खलाशांचं डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल १९१४ चं, तेही शत्रूसमोरच्या धाडसासाठीच. त्याच घराण्यातलं हे हिंदी पदक. नावात 'सर्व्हिस' आहे म्हणून ते नोकरीचं होत नाही.

शिडी कशी होती तेही सांगतो, म्हणजे पणजोबांचं पदक कुठे बसतं ते ध्यानात येईल. हिंदी शिपायासाठी सगळ्यात जुनं मानाचं चिन्ह ऑर्डर ऑफ मेरिट. ते ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये काढलं, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ चा, पण हिंदी सैनिकाला तो १९११ च्या दिल्ली दरबारापर्यंत बंद होता. दरबारात तो खुला झाला आणि पहिला मिळाला खुदादाद खानांना, ३१ ऑक्टोबर १९१४ च्या बेल्जियममधल्या लढाईबद्दल. मग शिडी अशी झाली: वर व्हिक्टोरिया क्रॉस, त्याखाली ऑर्डर ऑफ मेरिट, त्याखाली आयडीएसएम. शिपायाच्या छातीवर हे असणं म्हणजे पलटणीत त्याला बघून लोक बाजूला सरकत असणार.

निळी शाई

माझ्या आजोळीही एक पदक आहे, त्यामुळे धागा फार जवळचा वाटतोय. त्यावरही 'सर्व्हिस' आहे, पण आधीचा शब्द 'मेरिटोरियस' आहे आणि फीत सबंध किरमिजी, कडांना पांढऱ्या रेघा. तेही हेच का?

चांदीची कड

नाही. ते इंडियन मेरिटोरियस सर्व्हिस मेडल, १८८८ चं. तुमच्याकडचं १९१७ नंतरचं असणार, कारण पांढऱ्या कडा तेव्हा आल्या. हवालदारासारख्या हुद्देदारांना दीर्घ आणि निष्कलंक नोकरीबद्दल ते मिळायचं. म्हणजे खऱ्या अर्थाने 'सेवा पदक' म्हणायचं तर ते हे. त्याची माळ नीट पाहिली तर कमळाची आहे. दोन्ही चांदीची, दोन्हींवर राजा, दोन्हींवर 'सर्व्हिस', म्हणून घरोघरी घोटाळा होतो. कोयनाकाठ ताईंच्या वडिलांना परत पाठवलं गेलं त्यामागेही हाच घोटाळा असू शकतो.

याच्या उलटंही होतं. सुभेदार-जमादारांना ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया मिळायची, तिच्याबरोबर 'बहादूर' किंवा 'सरदार बहादूर' किताब यायचा. किताब ऐकून घरचे ते शौर्याचं समजतात, पण ती मुख्यतः दीर्घ, निष्ठेच्या नोकरीसाठी होती. 'बहादूर' म्हणवणारं नोकरीचं निघतं आणि 'सर्व्हिस' म्हणवणारं लढाईचं.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी ओसरीवर बसून, तुम्ही सांगितलं तसं तिरपं धरून वाचलं. राजाभोवती 'कैसर-इ-हिंद' स्पष्ट आहे. कड वाचायला अर्धा तास लागला. आधी चार आकडे, मग 'सिपॉय', मग पणजोबांचं नाव (इंग्रजी स्पेलिंग असं काही आहे की मोठ्याने वाचल्यावरच कळलं ते त्यांचं आहे), आणि शेवटी '११४ मराठाज'.

वडील शेजारी बसले होते. मी नाव वाचलं तेव्हा त्यांनी पदक हातात घेतलं आणि बोटाने कड चाचपत राहिले. मग म्हणाले, 'त्यांना अक्षरओळख नव्हती. पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवायचे.' म्हणजे स्वतःच्या पदकावर काय लिहिलंय ते त्यांनी कधीच वाचलं नसेल. कुणीतरी वाचून दाखवलं असेल, आणि त्या कुणीतरी 'सेवा' असं सांगितलं असेल. आमच्या घरातला गैरसमज तिथूनच सुरू झाला असावा.

तांबडी माती

कोयनाकाठ, हे वाचून राहवलं नाही. सातारा जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे, 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण मारले गेले. अशा गावांना सरकारने दगडी फलक दिले: या गावातून इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत. अशा फलकांवर सहसा फक्त आकडे असतात, नावं नाहीत.

बसऱ्यालाही तेच झालंय. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या आणि ज्यांचं थडगं सापडत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी तिथे स्मारक आहे. इंग्रज सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या लिहिली. अमुक पलटण, हुद्देदार अमुक, 'आणि इतर इतके'. १९९७ मध्ये ते स्मारकही शत्त-अल-अरब नदीच्या काठावरून उचलून दूर नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेलं.

म्हणून मला त्या पदकाच्या कडेचं फार अप्रूप वाटतं. त्या सबंध युद्धात साम्राज्याने एका शिपायाचं नाव पूर्ण लिहिलं अशा फार थोड्या जागा आहेत, आणि त्यातली एक तुमच्या ट्रंकेत होती.

बखरवाला

मला थोडा वेगळा सूर लावायचाय. कोयनाकाठ ताईंच्या भावनेचा पूर्ण आदर ठेवून.

हे पदक कुणी दिलं आणि कशासाठी? मेसोपोटेमियात आपली माणसं गेली ती तेल आणि साम्राज्य राखायला. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग काढली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला मेसोपोटेमियातल्या कूटला इंग्रजांची फौज १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर शरण गेली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. इकडे स्वराज्य मागायचं आणि तिकडे आपलीच पोरं उपासमारीने मरायची, शेवटी कैदेत जायची. युद्ध संपल्यावर इनाम काय मिळालं? रौलट कायदा आणि जालियनवाला.

शाळेच्या भिंतीवर मुलांसमोर 'कैसर-इ-हिंद'चं पदक मिरवावं का, याचा विचार व्हावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जुना फौजी

बखरवाला, प्रश्न रास्त आहे. टाळण्यासारखा नाही.

माझं म्हणणं असं. शिपाई खंदकात असतो तेव्हा त्याच्यापुढे साम्राज्य नसतं. डाव्या हाताला एक माणूस असतो, उजव्या हाताला एक. पाणी कुणाकडे आहे, गोळ्या कुणाकडे आहेत, जखमी कोण पडलाय, एवढंच जग. तिथे जे घडतं ते त्या तीन-चार माणसांचं आपसातलं असतं. पदक लंडनने दिलं, पण ते ज्याबद्दल दिलं ते लंडनचं नव्हतं.

आणि तुम्ही लोकमान्यांचं काढलंत म्हणून सांगतो. भरतीला पाठिंबा देताना त्यांनी कमिशनचा मुद्दा धरून ठेवला होता: हिंदी तरुणाला अधिकारी होता आलं पाहिजे. कारण त्या फौजेत तीस वर्षं घासलेला सुभेदार-मेजरही कालच आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटला सलाम ठोकायचा. आयडीएसएम हे गोरे आणि हिंदी यांच्यातल्या त्या भिंतीच्या अलीकडच्या बाजूचं पदक आहे. पलीकडच्यांसाठी वेगळं, अलीकडच्यांसाठी वेगळं. मुलांना भिंतीवर हेही सांगता येईल. पदक झाकलं तर ही गोष्टही झाकली जाते.

बखरवाला

'पदक झाकलं तर ही गोष्टही झाकली जाते', हे पटलं. माझा विरोध मिरवण्याला होता, नोंदीला नाही. नोंद व्हायलाच हवी, फक्त ती खरी हवी. एकट्याने तोफ जिंकली वगैरे पुराव्याशिवाय लिहू नये.

कोयनाकाठ

तेच मला हवंय. नेमकं काय केलं होतं त्यांनी? ते कुठे लिहिलेलं सापडेल का?

चांदीची कड

इथे मला थोडं हात आखडून लिहावं लागेल, आणि आधीच्या काही वाक्यांना एक पुरवणीही जोडतो.

पहिली गोष्ट. आयडीएसएमचा नियम कागदावर बराच सैल होता, शांततेच्या काळातही ते देता येत असे. युद्धकाळात मात्र ते मोठ्या प्रमाणावर शत्रूसमोरच्या धाडसासाठी दिलं गेलं. पण त्यात गोळीबारात जखमींना उचलून आणणारा डोलीवालाही येतो, तारा तुटल्यावर पुन्हा पुन्हा जोडायला जाणाराही येतो, आणि महिनोन्महिने न डगमगता काम करणाराही येतो. त्यामुळे 'पदक आहे म्हणजे अमुकच पराक्रम' असं उलटं गणित मांडता येत नाही.

दुसरी. हिंदी शिपायांच्या पहिल्या महायुद्धातल्या आयडीएसएमची घोषणा बहुधा 'गॅझेट ऑफ इंडिया'त नुसत्या यादीने व्हायची. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. कारण छापलेलं क्वचितच. दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत नशीब बरं, कारण त्या शिफारशींचे मूळ कागद लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३७३ या मालिकेत जपलेले आहेत, त्यात हिंदी जवानांचेही आहेत. केरेन (इरिट्रिया), इटली, ब्रह्मदेश इथल्या पदकांची हकिगत तिथे टंकलिखित मिळू शकते. पहिल्या युद्धासाठी तसं नाही. तिथे पलटणीची रोजनिशी, म्हणजे वॉर डायरी, शोधावी लागते. त्या डब्ल्यूओ ९५ मालिकेत आहेत. शिपायाचं नाव त्यात क्वचित येतं, पण पदकाच्या घोषणेची तारीख गॅझेटमधून मिळाली तर त्याआधीच्या काही महिन्यांत पलटण कुठे होती आणि काय करत होती ते दिवसवार कळतं.

११४ व्या मराठा पलटणीबद्दल मात्र सांगण्यासारखं खूप आहे. ती टायग्रिसच्या आघाडीवर १७ व्या डिव्हिजनच्या ३४ व्या ब्रिगेडमध्ये होती. ऑक्टोबर १९१८ च्या शेवटच्या आठवड्यात ही फौज नदीकाठाने मोसुलच्या दिशेने सरकली. फत्थाच्या खिंडीत तुर्कांनी मोर्चे धरले होते, ते सोडून ते शरकतला मागे गेले. काठाचा भाग उघडाबोडका, ओहोळांनी फाटलेला, आणि मोर्च्यापर्यंत जाताना आडोसा जवळजवळ नाही. ३० ऑक्टोबरला तुर्की सेनापती इस्माईल हक्की बे शरण आला. त्याच दिवशी तिकडे मुद्रोस बंदरात तुर्कांशी शस्त्रसंधीच्या करारावर सह्या होत होत्या. म्हणजे शरकतला जे पडले ते युद्ध संपायला मोजके दिवस उरलेले असताना पडले. 'शरकत' हा आजही मराठा लाईट इन्फंट्रीचा युद्धसन्मान आहे.

पणजोबांचं पदक शरकतचंच, असं मी म्हणणार नाही. शक्यता मोठी आहे, पण गॅझेटची तारीख हातात आल्याशिवाय नाही.

एक गंमतीचा नसला तरी मनाला लागणारा धागा: १९२२ मध्ये जुन्या सगळ्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाईट इन्फंट्री झाली, तेव्हा ११४ वीला दहावी, म्हणजे प्रशिक्षण पलटण केली. मुक्काम बेळगाव. आजच्या रेजिमेंटल सेंटरची मुळं तिच्यात आहेत. म्हणजे पुढे केरेनला गेलेले, इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, ज्या परंपरेत घडले ती पणजोबांच्या पलटणीने सांभाळली.

निळी शाई

हे पदक बंद का केलं? १९४७ नंतर आपण नावं बदलून चालू ठेवता आलं नसतं का?

जुना फौजी

राजाच्या नावाने मिळणारं मानचिन्ह प्रजासत्ताकात चालणं शक्यच नव्हतं. पण मधला काळ अवघड होता. ऑगस्ट १९४७ नंतर दोन-अडीच महिन्यांतच काश्मीरची लढाई पेटली आणि आपल्या जवानांना द्यायला स्वतःचं एकही पदक नव्हतं. परमवीर, महावीर आणि वीर चक्र २६ जानेवारी १९५० ला जाहीर झाले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानले. म्हणूनच नायक नंद सिंग यांच्या छातीवर मार्च १९४४ च्या ब्रह्मदेशातल्या लढाईचा व्हिक्टोरिया क्रॉस आहे, आणि डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीरला पडल्यावर मिळालेलं महावीर चक्रही. करम सिंग यांच्याकडे इंग्रजांचं मिलिटरी मेडल होतं आणि परमवीर चक्रही. माणूस तोच, फौज तीच, फक्त देणारा बदलला.

घटनेच्या कलम १८ ने किताब बंद केले, पण लष्करी आणि विद्याविषयक सन्मान त्यातून वगळले, म्हणून नव्या पदकांना वाट मोकळी राहिली. नव्या पदकांमध्ये अधिकारी आणि शिपाई यांच्यात भेद नाही, हा सगळ्यात मोठा बदल. परमवीर चक्र लान्स नाईकलाही तेच आणि मेजरलाही तेच. आयडीएसएमला जागा उरली नाही ती यामुळे. ते ज्या भिंतीला टेकून उभं होतं ती भिंतच पाडली.

तांबडी माती

मग गुरुवारचं काय? रंगारी येईल आणि आपण इथे चर्चाच करत बसू. 'भारतीय विशिष्ट सेवा पदक' लिहिलं तर पुन्हा आजच्या विशिष्ट सेवा पदकाशी गल्लत. 'शौर्यपदक' लिहिलं तर ते नाव अधिकृत नाही.

जुना फौजी

मी कालपासून हाच विचार करतोय. 'सर्व्हिस'ला आपण 'सेवा' म्हणतो तिथेच घोळ आहे. मराठीत त्यासाठी एक चपखल लष्करी शब्द पूर्वीपासून आहे: कामगिरी. 'कामगिरीवर गेला', 'कामगिरी फत्ते केली'. त्यात धाडसही येतं, डोली उचलणंही येतं, तारा जोडणंही येतं. 'युद्धातील विशेष कामगिरीबद्दल' असं लिहा. पदकाचं मूळ नाव देवनागरीत तसंच ठेवा. आजही सेना मेडलच्या पुढे कंसात शौर्याबद्दल की विशिष्ट सेवेबद्दल ते लिहावं लागतं, कारण मेडल एकच आणि कारणं दोन. तसंच इथे. नावावरून कळत नसेल तर एका ओळीत सांगायचं.

बखरवाला

+१. 'कामगिरी' मला पूर्ण मान्य. त्यात पलटणीचं नाव आणि 'मेसोपोटेमिया' हा शब्द जरूर टाका. मुलं नकाशात शोधतील.

चांदीची कड

माझंही अनुमोदन. गॅझेटची यादी मी या महिन्यात पाहतो. तुमचा चार आकडी क्रमांक मला व्यक्तिगत निरोपात कळवा, इथे जाहीर लिहू नका.

कोयनाकाठ

गुरुवारी संध्याकाळी लिहितेय.

चुलत्यांना तुमची सगळी चर्चा मोठ्याने वाचून दाखवली. तोफेची गोष्ट कुठून आली ते विचारलं तर म्हणाले, लहानपणी शाळेत दुसऱ्या एका मुलाच्या आजोबांची ऐकली होती, आपल्याही आजोबांनी तसंच काही केलं असेल असं वाटायचं. मग स्वतःच म्हणाले, 'नको लिहूया.'

रंगाऱ्याने सकाळी जुनी ओळ पुसली. 'सेवा पदक' हे शब्द पांढऱ्या रंगाखाली जायला दोन हात लागले, पहिल्या हातात ते अजून दिसत होते. दुपारी नवी ओळ आली. पणजोबांचं नाव, आणि पुढे: 'शिपाई, ११४ वी मराठा पलटण, मेसोपोटेमिया. युद्धातील विशेष कामगिरीबद्दल आय. डी. एस. एम.'

वडील सकाळपासून तिथे खुर्ची टाकून बसले होते. पदक सदऱ्याच्या वरच्या खिशात, फितीसकट. शाळा सुटल्यावर चौथीतल्या दोन मुली थांबल्या आणि मेसोपोटेमिया म्हणजे काय असं त्यांनी विचारलं. वडिलांनी खिशातून पदक काढलं, त्यांना कड दाखवली आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लावलं. इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा लवकर जमलं.

रंग वाळला की उद्या फोटो टाकते. पदक आता ट्रंकेत नाही, वडिलांच्या कपाटात वरच्या खणात आहे. क्रमांक निरोपात पाठवलाय, गॅझेटचं काही कळलं की याच धाग्यावर लिहा.